कुसुमताईंचे अकरा शुक्रवार

तुमसरच्या माणसांची नाडी आपल्यालाच कळते, असं प्रचारक हिरालालचं स्वतःचंच मत होतं. नागपूरच्या पाळकसाहेबांना त्यानं छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, नाताळापर्यंत येशूची शुभवार्ता वाचणारं एक घर तरी दाखवतो. नाही दाखवलं, तर आपली प्रार्थनेची खोली खुशाल बंद करा."

साहेबांनी ते मनावर घेतलं, तेव्हा हिरालालला घाम फुटला.

खोलीसमोर कुसुमताई राहायच्या. घरी हातमाग, आणि आठवड्याचे चार वार उपास. दसऱ्याला हिरालालनं भीतभीतच येशूच्या गोष्टींची पुस्तिका पुढे केली. ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. हिरालाल हरखून गेला. पुढं दर शुक्रवारी समोरून खड्या आवाजात वाचन ऐकू येऊ लागलं.

दहाव्या शुक्रवारी ताई खोलीच्या दारात उभ्या.

"भाऊ, आनखी अकरा पुस्तकं पायजेत."

"अकरा? कायले, ताई?"

"बायायले वाटाले. पुढच्या शुक्रवारी साऱ्या येऊन रायल्या."

हिरालालच्या छातीत वरातीचा बँड वाजू लागला. त्यानं लगोलग फोन लावला. "साहेब, एक नाही, अकरा घरं!"

शुक्रवारी साहेब पहिल्याच बसनं हजर. कुसुमताईंच्या दारात रांगोळी. आत पाटावर पुस्तिका, तिला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. शेजारी पंगतीला पुरेल एवढा शिरा, आणि हातात अक्षता धरून बसलेल्या अकरा बाया.

"हे काय, हिरालाल?" साहेबांनी हळूच विचारलं.

"उद्यापन," ताईंनीच सांगितलं. "अकरा शुक्रवार आंबट तोंडाले लावलं नाही. आता पुस्तकं वाटली का वसा पुरा होते. मोठे महाराज आलेच हायेत, तं कथा तेच सांगतीन."

खोली गेली, हिरालालच्या मनात आलं. आणि परतीच्या बसनं आपणही गेलो.

साहेब मात्र पाटाशेजारी बसले. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ त्याला शोधायला रानात जातो, ती गोष्ट त्यांनी सांगितली. शेजारच्या बेबीबाईंच्या घरी शेळ्या होत्या. त्यांनी अक्षतांची मूठ तशीच धरून विचारलं, "मंग बाकीच्या नव्व्याण्णवजवळ कोन होतं?"

साहेबांना तीस वर्षांत चर्चच्या मंडळीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यावर अर्धा तास बोलणं झालं, आणि साहेबांना परतीच्या बसची आठवणही राहिली नाही.

शेवटी ताईंनी हात जोडले. "महाराज, वसा आता कसा सोडाचा?"

"ताई, हा सोडायचा नसतो. जन्मभराचा आहे."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"बापा," बेबीबाई म्हणाल्या, "लय कडक व्रत हाय."

ताई हिरालालकडे झुकल्या. "भाऊ, एखादं एकवीस शुक्रवारवालं असन तं पाहा ना."

साहेबांनी शिऱ्यासाठी रिकामा द्रोण दुसऱ्यांदा पुढे केला. "खोली राहू दे, हिरालाल. आणि पुढच्या उद्यापनाला मला जरा आधी कळव."

हिरालालनं आता लोकांची नाडी बघणं सोडलं आहे. शुक्रवारी आंबट मात्र तोही खात नाही. समोरून ताई बघत असतात.