शेवट आमच्या गेटपाशी

"शेवट आपल्या गेटसमोरच होणार," राजाभाऊ बेहेरे सकाळच्या चहाला म्हणाले.

हेमाताईंनी कप खाली ठेवला. "सकाळी सकाळी हे काय बोलता?"

"अगं, सायकल शर्यतीचा. पुण्याचा माणूस दहाला येतोय जागा बघायला."

शर्यत सात दिवसांची होती. चौथ्या दिवशी सायकलस्वार सावर्ड्याहून निघून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उतरणार होते आणि तो टप्पा संपवायचा मान राजाभाऊंच्या गावाला मिळाला होता. गावात नेमका कुठे, हे ठरवायला समिती होती. तिचे अध्यक्ष राजाभाऊ. त्यांचं नाव त्यांनीच सुचवलं होतं आणि अनुमोदनही बहुधा त्यांनीच दिलं होतं.

मानापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. शेवट जिथे होईल, तिथले शेवटचे दोन किलोमीटर शर्यतीआधी नवे डांबरी होणार होते. राजाभाऊंचं घर आणि आंब्याची बाग सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर. हमरस्त्यापासून गेटपर्यंतचा सड्यावरचा रस्ता बरोबर दोन किलोमीटरांचा आणि असा, की पेटीत भरलेला हापूस हमरस्त्याला लागेपर्यंत निम्मा मऊ व्हायचा. गेटपुढे घाटी सुरू होई आणि वळणं घेत खाली बंदरवाडीत उतरे. तिची अवस्था याहून वाईट होती. पण घाटी बंदरवाडीतल्या लोकांची, त्यामुळे राजाभाऊंना तिचं फारसं दुःख नव्हतं.

आदल्या दिवशी गडी लावून त्यांनी सड्यावरचे खड्डे चिऱ्याच्या कपचीनं भरून घेतले होते. रस्ता चांगला दिसला तर शेवट मिळणार, आणि शेवट मिळाला तर रस्ता चांगला होणार, असं ते कोडं होतं.

सुजय नावाचा तो तरुण दहाला जीप घेऊन आला. रस्ता पाहिला, मोजला, गेटपाशी उभा राहिला आणि पुढचा उतार पाहून त्यानं मान हलवली.

"काका, इथं जमणार नाही. पोरं साठच्या वेगानं येतात. रेषा ओलांडल्यावर थांबायला जागा कुठंय? डायरेक्ट घाटीत जातील."

"ब्रेक असतात ना सायकलला?"

"असतात. पण त्या वेगात..."

"मी दाखवतो," राजाभाऊ म्हणाले.

मुलगी ऋजुता नोकरीला गेल्यापासून तिची सायकल पडवीत टांगलेली होती. राजाभाऊंनी ती काढली, हवा भरली, धोतर सोडून मुलाची जुनी हाफ पँट चढवली. हेमाताई दारात आल्या.

"अहो, तुम्ही शेवटची सायकल कधी चालवलीत?"

"पोहणं आणि सायकल माणूस विसरत नाही."

ते चालवायला विसरले नव्हते, हे खरंच. तीनशे मीटर मागे जाऊन ते निघाले, तेव्हा पाय झकास फिरत होते. गेटपाशी त्यांनी ऐटीत ब्रेक दाबला. चार वर्षं पडवीत वाळलेल्या ब्रेकच्या रबरांनी कुईं केलं, आणि एक रबर उडून कुंपणापलीकडे गेलं. राजाभाऊ सुजयसमोरून ताठ मानेनं पुढे गेले आणि घाटीत उतरले.

"थांबले नाहीत," सुजय म्हणाला.

"त्यांना थांबायची सवय नाही," हेमाताई म्हणाल्या. "तुम्ही जीप काढा बघू."

घाटीत राजाभाऊंनी दोन कुत्री, एक बैल आणि तीन वळणं चुकवली. खाली बंदराच्या तोंडाशी गुणवंती पाटील जाळी सुकत घालत होती. मासळीचा तिचा धंदा मोठा. बर्फाचा टेंपो घाटीतून वर चढत नाही म्हणून बारा वर्षं ती डांबरी रस्त्यासाठी अर्ज करत होती. तिला वरून अध्यक्ष येताना दिसले. तिनं शांतपणे जाळ्यांचा ढीग पायानं रस्त्याच्या मधोमध सरकवला. राजाभाऊ त्यात जाऊन बसले.

"काय वो राजाभाऊ, कुटं चाललाव?"

"पाहणी चाललीय," जाळ्यातून उत्तर आलं.

तेवढ्यात जीप पोचली. राजाभाऊंना कोपरावरचं खरचटणं सोडलं तर काही झालं नव्हतं. सुजयनं त्यांना बाहेर काढलं, मग वळून घाटीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"काका," तो म्हणाला, "शर्यत उलटी आणली तर? किनाऱ्याच्या रस्त्यानं बंदरावर यायचं आणि घाटी चढून तुमच्या गेटपाशी संपवायचं. चढावर वेगच नसतो. रेषेवर पोचतील आणि आपोआप थांबतील."

राजाभाऊंनी अंगावरची जाळी झटकली. "मी सकाळपासून हेच सांगतोय. गेटपाशी."

"ह्ये चढायचे किती व्हतील?" गुणवंतीनं विचारलं.

सुजयनं जीपमधल्या आकड्यावर नजर टाकली. "दोन किलोमीटर. बरोबर."

"मंग डांबर ह्येच दोन किलोमीटर?"

"हो. जिथून शर्यत येणार, तिथंच."

गुणवंतीनं सुजयच्या जीपमध्ये सुरमईची एक मोठी जोडी ठेवली.

"सही कुठे करायची?" राजाभाऊंनी विचारलं. आपलं म्हणणं मान्य झाल्यावर कागद वाचत बसण्यातले ते नव्हते. जीपच्या बॉनेटवर त्यांनी लफ्फेदार सही केली.

पंधरा दिवसांनी डांबर आलं. बंदरातून निघून एकेक वळण घेत ते राजाभाऊंच्या गेटपर्यंत चढलं आणि तिथे थांबलं. रोलर आल्या वाटेनं परत गेला. राजाभाऊ गेटमध्ये उभे होते. डावीकडे काळाभोर गुळगुळीत रस्ता, उजवीकडे कपची उडून गेलेला सड्यावरचा रस्ता. हेमाताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे आणि मग राजाभाऊंकडे.

शर्यत छान झाली. राजाभाऊंनी झेंडा दाखवला, फोटो पेपरात आला, खाली नाव बरोबर छापलं होतं.

आता हापूसच्या पेट्या घाटी उतरून, बंदराला वळसा घालून अकरा किलोमीटर लांबून हमरस्त्याला लागतात. एकही आंबा मऊ होत नाही. वर मासळी पोचवून परतणाऱ्या गुणवंतीच्या रिकाम्या टेंपोतून त्या जातात, म्हणून पेट्यांना थोडा मासळीचा वास येतो एवढंच. एका गिऱ्हाइकानं तक्रार केली, तेव्हा राजाभाऊंनी त्याला फोनवर ठामपणे सांगितलं, "हा समुद्राजवळचा हापूस आहे. वास यायलाच हवा."

पुढच्या वर्षीसाठी त्या गिऱ्हाइकानं दुप्पट पेट्या सांगितल्या आहेत.