आजींच्या तळहातावरची चौकोनी पाकळी

"पाण्याने ही पट्टी निघणं शक्यच नाही!" सोंगक्रानच्या, म्हणजे एकमेकांना भिजवायच्या थाई नववर्षाच्या सकाळी कन्निकाने नवऱ्याला ठणकावलं. लाम्पांगच्या प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची. पाण्यावरून तिच्याशी वाद घालायची थनिनची छाती नव्हती. दंडावरच्या त्या गर्भनिरोधक पट्टीत तिचा जीव अडकला होता. तिला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि पणतूसाठी आसुसलेल्या आजेसासूंना ना शिष्यवृत्ती ठाऊक होती, ना पट्टी.

मग उन्हाच्या धास्तीने तिने हातभर मलम चोपडलं. अगदी पट्टीच्या कडेपर्यंत!

गल्लीतल्या पोरांनी तिला नखशिखान्त भिजवलं. तशीच ती मोगऱ्याच्या पाण्याचा वाडगा घेऊन थनिनशेजारी आजींसमोर बसली आणि आशीर्वादासाठी रिवाजाप्रमाणे त्यांच्या तळहातांवर धार धरली. पाकळ्या पडल्या. मागोमाग एक चौकोनी पाकळीही पडली.

चौकोनी? कन्निकाने दंड चाचपला. दंड गुळगुळीत!

"आजी, हातावर कचरा आहे!"

"कचरा कसला? फूल आहे ते," आजी म्हणाल्या. त्यांना नाकापलीकडचं दिसत नसे. "पुढच्या सोंगक्रानला मांडीवर पणतू हवा!" आणि तो ओला तळहात त्यांनी थनिनच्या कपाळावर थापला. धप्प!

हात निघाला. पट्टी राहिली. हात जोडून, डोळे मिटून बसलेला थनिन बाशिंग बांधलेल्या नवरदेवासारखा दिसत होता.

"अरे, कपाळ पूस!"

"आजीचा आशीर्वाद पुसू?"

"बघा, आशीर्वादही सोसेना हिला!" सासूबाई कडाडल्या.

सुमोनआत्या आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. त्यांनी चष्मा लावला. "थनिन, ही कपाळावर लावायला कुणी सांगितली तुला? मूल होऊ नये म्हणून बायका लावतात ही!"

कन्निकाने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पडली कधी?" आत्यांनी विचारलं.

"सकाळी होती."

"मग दिवसही उलटला नाही. लगेच नवी लाव. हीच पुन्हा चिकटवू नकोस, वरून चिकटपट्टीही नको. ही घडी घालून कचऱ्यात टाक. आणि त्वचा धुऊन कोरडी कर आधी! एवढं मलम कुणी चोपडलं?"

"मीच," प्रयोगशाळेच्या बाई पुटपुटल्या.

आजींनी पंचा ओढला आणि थनिनचं कपाळ लालबुंद होईस्तोवर खसाखसा पुसलं.

"घेतला परत! जा, शिकून ये."

कन्निकाला भरून आलं. आजी मात्र ओल्या पंच्याकडे बघत होत्या. "पण आशीर्वाद वाया का घालवायचा?" म्हणत त्यांनी घरभर नजर फिरवली.

पन्नाशीला टेकलेल्या सुमोनआत्यांना खिडकीतून उडी मारताना त्याआधी कुणीही पाहिलं नव्हतं!