टाकी नेहमी भरलेली

फत्तेसिंगरावांच्या खोदाई मशीनचा डिझेलचा काटा उन्हाळ्यापासून 'फुल'वर चिकटून बसला होता. त्याच्यावर विश्वास ठेवल्यामुळे एकदा मशीन कृष्णराजनगरला भर भातशेतात बंद पडलं आणि सदाशिवरावांच्या ट्रॅक्टरनं ते ओढून काढावं लागलं. तेव्हापासून सदाशिवराव कुठंही भेटले, अगदी लग्नाच्या पंगतीत, तरी पहिला प्रश्न ठरलेला: "काय राव, टाकी फुल ना?"

आता त्याच सदाशिवरावांना हिनकलच्या प्लॉटवर घराचा पाया खणायचा होता. मुहूर्त विजयादशमीचा. "काम तुम्हालाच देतो," ते म्हणाले, "पण मशीन पोचेल ना?"

फत्तेसिंगराव तणतणत घरी आले. पुतणी तुंगा नुकतीच मेकॅनिकल इंजिनियर झाली होती आणि काकांची मशीनची शेड मला चालवायला द्या म्हणून मागं लागली होती.

"दसऱ्यापर्यंत काटा खरं बोलायला लागला, तर शेडची किल्ली तुझी," काका म्हणाले. "नाही तर सुम्मने, उगाच हट्ट करायचा नाही. बेंगळुरूला जाऊन बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. आयतु? कबूल?"

"आयतु," तुंगा म्हणाली.

तिनं टाकीतलं डिझेल पिंपात काढलं आणि सेन्सर बाहेर घेतला. डिझेलवर तरंगणारा एक गोळा आणि त्याची दांडी. डिझेल उतरलं की गोळा उतरणार, दांडी झुकणार, काटा खाली येणार. इथं दांडी चिकट गाळानं वरच अडकली होती. तुंगानं ती साफ केली, हातानं वरखाली करून मीटरवर तपासली, परत बसवली आणि टाकी अर्धी भरली. काटा बरोबर अर्ध्यावर!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांना घेऊन शेडमध्ये आली. चावी फिरवली. काटा 'फुल'वर.

"अय्यो," काका म्हणाले, "बँकेत एसी असतो म्हणे."

वायर कुठंतरी घासत असेल म्हणून तुंगानं वायर बदलली. दिवसभर मशीन कामावर जाऊन आलं की संध्याकाळी काटा अर्ध्यावर, सकाळी फुल. मग डायलच नवा आणला. सकाळी परत फुल. मशीनचा ऑपरेटर वादिराज हळूच म्हणाला, "दृष्ट लागली असेल, अक्का. लिंबू बांधू?"

सगळं बदलून झालं होतं. न तपासलेली एकच गोष्ट उरली होती. तुंगानं एक लांब काठी टाकीत बुडवून बाहेर काढली. काठी टाकीच्या तोंडापर्यंत ओली.

"टाकी खरंच भरलीय! डिझेल कोण ओततं?"

वादिराज बुटांकडे बघायला लागला. "मी... घरी जाताना. एकच कॅन. तुमच्या सेन्सरवर विश्वास आहे, अक्का, पण धन्यांची परत बेअब्रू नको."

"मीही," काका खाकरले. "सकाळी अंघोळीनंतर. स्वल्प."

दारात उभ्या असलेल्या नागरत्नाकाकूंनी नवऱ्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हीपण? मी दिवेलागणीला ओतत होते!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तुंगानं तिघांनाही मशीनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. टाकीत थोडंच डिझेल ठेवून बाकीचं तिनं पिंपात काढलं होतं; आता काटा तळाला येईपर्यंत टाकीत कुणीही थेंब टाकायचा नाही. काकू काहीतरी पुटपुटल्या, पण हात ठेवला. मग पूजा झाली. पान्ह्यांना, बादलीला, चाकांना गंध-कुंकू लागलं. वादिराज भाविक माणूस. त्यानं एकही डायल सोडला नाही, आणि वर शेवंतीची घसघशीत माळ घातली.

विजयादशमीला सगळे हिनकलला निघाले. वादिराज मशीन घेऊन पुढं, मागून रिक्षात काका, काकू, तुंगा आणि प्रसादाची पिशवी. प्लॉट समोर दिसायला लागला, आणि मशीननं दोन आचके दिले आणि भर रस्त्यात बंद पडलं. मागं बसचा हॉर्न सुरू झाला. पलीकडे नारळ हातात घेतलेले सदाशिवराव मान उंचावून बघायला लागले.

"संपलं!" काकांनी कपाळावर हात मारला. "तुंगे, बॅग भर!"

तुंगा केबिनमध्ये चढली. माळ बाजूला केली आणि ओढणीनं कुंकू पुसलं. काटा अगदी तळाच्या रेघेवर टेकला होता.

"वादिराज, हे बघितलं नाहीस?"

"पूजेचं कुंकू कसं पुसणार, अक्का? आणि या काट्याकडे बघायची सवयच गेली."

काकाही धापा टाकत वर चढले. डायलला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे खरं बोलला?"

"बोलला, काका."

काट्यावरची नजर न काढता त्यांनी कमरेची किल्ली सोडून तुंगाच्या हातात ठेवली.

तेवढ्यात काकू रिक्षातून उतरल्या. प्रसादाच्या पिशवीतून त्यांनी डिझेलचा कॅन काढला. "असं बघू नका. शपथ टाकीत न ओतायची होती. पिशवीत ठेवायचं कुणी काही बोललं नव्हतं."

तुंगानं कॅन घेतला, तर काकांनी तिचा हात धरला. "थांब! ओतू नको!"

"अहो, मुहूर्त टळेल!" काकू ओरडल्या.

"टळत नाही. ते येतायत, आधी त्यांना बघू दे."

सदाशिवराव नारळ सांभाळत, हसत जवळ पोचले होते. "काय राव, टाकी फुल ना?"

फत्तेसिंगराव केबिनच्या दारात छाती काढून उभे राहिले.

"रिकामी!" ते अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असे गरजले. "एकदम रिकामी! या, वर या, काटा बघा!"