टाकीवर काहीही ठेवू नये

घराच्या नकाशातली एकच गोष्ट गुरुदत्त पाटणकरांनी स्वतःच्या हाताने खोडली होती. दारापुढचा ओटा. त्यांच्या पत्नी लीनाताईंना तो हवा होता, कडेला तुळस ठेवण्यापुरता का होईना. पाटणकरांचं म्हणणं असं, की कलकत्त्यात दारापुढे बसण्यासारखी जागा केली की ती आपली राहत नाही. संध्याकाळी गल्लीतली पाच माणसं येऊन बसतात आणि जेवणाची हाक येईपर्यंत जगाचे प्रश्न सोडवतात. अशी पाच माणसं गल्लीत तयार होती. त्यांचे म्होरके, शेजारचे घोषालबाबू, ओटा कुठे येणार हे दोनदा विचारूनही गेले होते.

म्हणून त्या जागेखाली पाटणकरांनी पावसाच्या पाण्याची टाकी घेतली. दहा हजार लिटरची, आणि झाकण जमिनीशी अगदी सपाट. वर बसायला काही उरणारच नाही.

पाटणकर गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत एकतीस वर्षं कार्मिक विभागात होते. डमडमचा हा प्लॉट घेताना लोकांनी सांगितलं होतं, की इथे पूर्वी तळं होतं. पाटणकरांनी कागद पाहिले. कागदात 'पूर्वी' असा रकाना नव्हता.

टाकी आधी झाली, घर नंतर वर चढणार होतं. तोवर टाकी जपायचं काम पाटणकरांनी स्वतःकडे घेतलं. भोवती दोरी बांधली, झाकणाशेजारी तीन भाषांत पाटी रोवली, 'टाकीवर काहीही ठेवू नये', आणि पाहणीची नोंदवही घातली. पहिल्याच सोमवारी वहीत तीन गुन्हे चढले. निमाई मिस्त्रीने टाकीवर आठशे विटा रचल्या होत्या, टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरली होती, आणि झाकण उचलल्यावर डझनभर बोटभर मासे पाटणकरांकडे बघत होते. डास होऊ नयेत म्हणून सोडलेत, असा निमाईचा खुलासा होता.

विटा मागच्या भिंतीच्या बांधकामात संपल्या. मासे बादलीतून घोषालबाबूंकडे गेले. त्यांनी आकाराबद्दल खंत व्यक्त केली. मग पंप लावून टाकी कोरडी करायचा हुकूम झाला.

"टंकी खाली मत राखिए, बाबू," निमाई म्हणाला. "माटी के नीचे जल है. टंकी उठ जाएगा."

उठून जाणार कुठे, असं पाटणकरांनी विचारलं. निमाईने वर बोट दाखवलं. पाटणकरांनी त्याला हे लेखी द्यायला सांगितलं. निमाईने चाळीस वर्षांत निम्मं डमडम बांधलं होतं, पण लिहिलं काही नव्हतं; आणि लेखी नसलेली सूचना पाटणकरांच्या लेखी अफवा असे.

दुपारी जेवताना लीनाताईंनी विषय काढला. "बेसिनमध्ये पाणी असलं की रिकामी वाटी तरंगते, अहो. भरलेली खाली बसते."

"वाटी स्टीलची असते. टाकी काँक्रीटची आहे, दहा टनांची."

"जहाजं लोखंडाची असतात. तुमच्या गार्डन रीचलाच बांधतात की."

"ते खातं वेगळं," पाटणकर म्हणाले, आणि त्यांनी ताक मागितलं.

टाकी आतून फडक्याने पुसून घेतली. वहीत शेरा पडला: स्थिती उत्तम.

भाद्रपदात पाऊस दोन दिवस सलग कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटणकर छत्री आणि वही घेऊन, लीनाताईंसह, साइटवर आले, तेव्हा टाकी गुडघाभर वर आली होती. कुठे तडा नाही, टवका नाही. होऊ घातलेल्या दाराच्या बरोबर समोर, जरासा कल देऊन, स्वच्छ आणि सपाट. पाटी तेवढी आडवी झाली होती.

निमाईने 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. तेच पाटणकरांना जास्त लागलं. त्याने इतकंच सांगितलं, की खाली गाळ सरकलाय, टाकी आता परत बसायची नाही. तोडा नाहीतर ठेवा. पण आधी पाणी भरा. पंपाने भरायला संध्याकाळ होईल, आणि तोवर वर भार हवा, नाहीतर आणखी उठेल. विटांचं विचारू नये, हे पाटणकरांना कळत होतं. विमानतळाच्या बाजूने आभाळ पुन्हा काळं होत आलं होतं.

पाटणकरांनी वही बंद केली, शेजारचं फाटक उघडलं आणि बेल दाबली.

"घोषालबाबू, जरा येऊन बसता का?" हे ते हिंदीत म्हणाले, आणि शक्य तितक्या हलक्या आवाजात.

"कुठे?"

पाटणकरांनी जागा दाखवली. घोषालबाबूंनी ती बराच वेळ आदराने न्याहाळली. मग सगळे येऊ का, असं विचारलं.

"सगळेच या," पाटणकर म्हणाले. "आणि ते मिठाईवाले, जरा जाड आहेत ते, त्यांनाही आणा."

सहा जण छत्र्या उघडून बसले. पाऊस आला आणि गेला. फुटबॉल झाला, राजकारण झालं, इलिश माशाचा भाव झाला. टाकी जागची हलली नाही. साडेपाचला ती भरली, आणि आता उठलात तरी चालेल असं निमाईने जाहीर केलं. ते कुणाला ऐकू गेलं नाही. घोषालबाबूंनी मात्र थोडं सरकून पाटणकरांना त्यांच्याच दारात जागा करून दिली. दिवसभर उभे असलेले पाटणकर बसले.

समोरच्या टपरीवरून चहा सांगून लीनाताई आल्या. टाकीभोवती एक चक्कर मारून डाव्या कोपऱ्याशी थांबल्या.

"तुळस इथे ठेवू ना?" त्या म्हणाल्या. "तेवढाच भार."