तिसऱ्या मजल्यावर तीन मिनिटं

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीत कर्णिककाका चौथ्या मजल्यावर एकटे राहत, आणि जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दाराबाहेर, बरोब्बर तीन मिनिटं थांबत. दम लागायचा म्हणून नव्हे. कठड्याला धरून मनगटावरच्या घड्याळात बघत उभे राहत. खोल पाण्यातून वर येताना असं मध्ये थांबावंच लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात, असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावलं. जिन्यात बुडबुडे होत नसावेत, असं मी सुचवून पाहिलं.

"सवय असलेली बरी," ते म्हणाले. "आपण प्रोफेशनल."

गंमत म्हणजे उतरतानाही ते तिथेच थांबत. खाली जाताना कशाला, असं विचारलं की विषय बदलत.

काकांनी बँकेतून व्हीआरएस घेतली आणि लोक दुकान टाकतात तसे हे पाण्यात उतरले. अंदमानला जाऊन महिनाभर स्कूबा डाइव्हिंग शिकले, पुढे परीक्षा देऊन डाइव्हमास्टर झाले. ते कार्ड त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं. दूधवाल्याने पाहिलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने दोनदा पाहिलं. बैठकीत ठराव मान्य असला की काका हात वर करत नसत, पाण्याखाली 'ठीक आहे' म्हणतात तसं अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करून दाखवत. सेक्रेटरी ते मत विरोधात धरायचे.

शिकाऊ लोकांना पाण्यात सोडताना काका अतिशय कडक. हवेचा काटा लालमध्ये जायच्या आत वर यायचं, एकट्याने उतरायचं नाही, आणि उतरण्याआधी जोडीदाराकडून सगळं सामान तपासून घ्यायचं. सिलिंडर पाठीवर असतो, त्याची हवा सुरू करायची कळ आपली आपल्याला दिसत नाही. हे सगळं मला जिन्यात उभ्याउभ्या पाठ झालं होतं. काकांना स्वतःला मात्र यातलं काही लागू नव्हतं. "लालमध्येसुद्धा हवा असतेच की," ते म्हणत. एकदा मालवणला ते आणि त्यांच्यासारखेच कार्डवाले तिघे बोट घेऊन गेले. चौघेही तज्ज्ञ, त्यामुळे नांगर दुसऱ्याने टाकला असणार याची प्रत्येकाला खात्री. वर आले तेव्हा बोट क्षितिजाकडे निघाली होती. कोळ्यांनी चौघांना मासळीबरोबर किनाऱ्याला आणून सोडलं. ही गोष्ट काका धाडसाची म्हणून सांगत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर बोटच रिकामी गेली.

असा माणूस मी जवळच्या वटार गावी नेला, ही चूक माझी. माझ्या बायकोची जनूमावशी तिथे राहते. घरामागे वाडी, वाडीत बावखल. बावखल म्हणजे आमच्या वसईकडचं शिंपणाचं तळं, वर शेवाळ आणि खाली कंबरभर चिखल. मावशीच्या घरी लग्न होतं आणि हळदीच्या अंघोळीचं पितळी घंगाळ घासताघासता त्यात गेलं होतं. मी जिन्यात हे सहज बोललो. रविवारी सकाळी काका रिक्षात सिलिंडर घालून तयार.

वटारला त्यांनी आधी आम्हाला धडा दिला. मग पट्टे आवळले, तळाला जाण्यासाठी कमरेला शिशाची वजनं बांधली, समुद्रात बांधायचे तेवढीच. मला शिकवलेलं आठवलं.

"काका, तुमची कळ बघू का?"

ते हसले. "अरे, शंभर माणसं तपासून मी पाण्यात सोडलीत. मला कोण तपासणार?"

मावशी एवढा वेळ पदर खोचून बघत होती. तिने पंपाचा दोर आणला आणि काकांच्या कमरेला गाठ मारायला लागली. काका मागे सरकले, प्रोफेशनल माणसाला दोर लागत नाही म्हणाले.

"पानी कोनाची वलख ठेवत नाय," मावशी म्हणाली आणि दुसरी गाठ मारली.

काका उतरले. बुडबुडे आले, पुन्हा एकदा आले, आणि थांबले. मी म्हटलं, प्रोफेशनल माणूस हवा जपून वापरत असेल. मावशीने मात्र दोर ओढायला घेतला. काका हलेनात. वजनांनी त्यांना चिखलात घट्ट रोवलं होतं. मग मी लागलो, नवरदेवाचा भाऊ लागला, आणि काका शेवाळासकट काठावर आले. तोंड उघडं, चेहरा निळसर. मी घाबरून त्यांच्या पाठीवरची कळ फिरवली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरली. उघडलेलीच नव्हती. नळीत उरलेल्या दोन श्वासांवर काका बावखलात गेले होते.

घंगाळ मावशीने दुपारी गळ टाकून काढलं.

परतताना रिक्षात काका पट्ट्यांवरचं शेवाळ काढत होते. मला त्यांचा रागच आला होता, आणि मी तो बोलूनही दाखवला. एक हात पाठीवर फिरवू दिला असता तर काय बिघडलं असतं, असं विचारलं.

"आमची ही रोज तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरायची माझ्याबरोबर," ते म्हणाले. "तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. चष्मा, रुमाल, पास, डबा. चाचपून मग सोडायची. ती गेल्यापासून कोणाला तपासू देववत नाही रे."

माझा राग तिथेच विरला. रोज माझ्या दाराबाहेर हा माणूस तीन मिनिटं उभा राहत होता आणि मी आतून हसत होतो, याची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात काका पाठीवर डाइव्हिंगची बॅग अडकवून पुन्हा मालवणला निघाले. सुधारले असतील अशी आशा कोणालाच नव्हती. ते आमच्या दाराबाहेर थांबले तसा मी दार उघडलं. बायको माझ्या मागे आली. डाइव्हिंगमधलं मी काय तपासणार?

"काका, चष्मा?" हिने विचारलं.

त्यांनी खिसा चाचपला. होता.

"रुमाल?"

होता.

"डबा?"

डबा नव्हता. कधीपासून नव्हता, हे आम्ही विचारलं नाही. हिने चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधून आणली, तोवर काका कठड्याला धरून उभे होते. आज घड्याळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डबा पिशवीत ठेवून ते दोन पायऱ्या उतरले, परत वर आले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"पट्टा पिळला असेल मागे," ते म्हणाले. "बघ जरा."

पट्टा सरळच होता. तरी मी तो नीट केला.