मालकांचा हात

पालमच्या बाजारात आमच्या मालकांचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकानात आरसा एकच. तो गिऱ्हाइकाकडे नाही, मालकांच्या गादीकडे तोंड करून टांगलाय. बायका बांगड्या बघतात, मालक मालकांना बघतात. सत्तरीतही मिशीला काळा रंग. "माणूस कसा, बघण्यासारखा पाहिजे," हे दिवसातून दहादा. ऐकणारा मयतीला निघाला असला तरी त्याला थांबवून सांगतील.

पण कामात हात सोन्याचा. नुसतं मनगट बघून माप सांगणार, दोन-चार की दोन-सहा. बांगडी अशी चढवतात की बाईला कळत नाही. वर ऐट, "माझ्या हातून बांगडी वाढत न्हाई." आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

अख्ख्या तालुक्यातल्या बायकांचे हात त्यांनी धरले. मला, त्यांच्या बायकोला, पंचेचाळीस वर्षांत एक बांगडी भरली नाही. डझन पुढ्यात टाकायचे, "घाल तुझी तू." मी साबण लावून घालायची. वाटायचं, या माणसाला स्वतःशिवाय काही दिसतच नाही. सणावाराला बायका हात पुढे करून बसायच्या, आणि मी आतून बघायची. मागितलं मात्र कधी नाही.

गेल्या साली मी अंगणात पडले, माझं उजवं मनगट मोडलं. डाव्या हातातल्या बांगड्या पडतानाच वाढल्या. प्लास्टर निघालं तरी बोटांत जोर नव्हता. शेजारची गंगाबाई म्हणाली, बांगडीवाल्याची बायको आणि हात मोकळे, मालक रुसले का काय? मी घालून देते म्हणाली. मी नको म्हटलं.

त्या दुपारी भाकरी अर्ध्या टाकून सरळ दुकानात गेले आणि गिऱ्हाइकाच्या जागी बसले. हात पुढे केला. म्हटलं, "भरा."

मालक हाताकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. माझा हात धरला, तेव्हा कळलं, त्यांचा हात लटलट कापायलाय. बांगडी वाढली. पुढची घेतली, तीही वाढली.

"लग्नात गळ्यात मणी बांधताना बी असंच झालं," ते खाली मान घालून म्हणाले. "तू खाली बघत व्हतीस. तुझा हात धरला की माझा जागेवर ऱ्हात न्हाई. चार बायकांत कसं दिसलं असतं?"

मी मनगटावरचे काचेचे तुकडे वेचले.

"दुसरी घ्या," म्हटलं. "मला घाई न्हाई."