गुरुवार म्हणजे गुरुवार

टेलरमास्तरांनी दाढी करता करता आरशातल्या स्वतःला दम भरला आणि मग बायकोला सांगितलं, "आजपासून दिलेला शब्द पाळायचा. गुरुवार म्हणजे गुरुवार."

"कुठल्या महिन्यातला?" तिनं विचारलं.

मास्तरांनी टोमणा गिळला. कालच त्यांनी एका पोराचा पहिलीचा गणवेश दिला होता आणि पोरगं तिसरीत गेलं होतं. त्याची आई भांडली असती तर परवडलं असतं. ती नुसती बघत राहिली. ते बघणं मास्तरांना लागलं होतं.

मास्तर झपाटून कामाला लागले. गुरुवारचे कपडे बुधवारीच इस्त्री करून टांगले. गुरुवारी कोणी फिरकलं नाही. शुक्रवारीही नाही. मास्तरांचा गुरुवार साधारण पंधरा दिवसांनी उगवतो, हे सगळ्यांना पाठ होतं. तयार कपड्यांनी दांडी भरली, मग खुर्ची, मग बाकडं. कापड बेतायचं टेबलही बुडालं, तेव्हा मास्तर जमिनीवर बसून बेतू लागले.

अशातच बँडमास्तर आले. तो ढीग बघून खूश झाले.

"बापरे, केवढं काम तुंबलंय! म्हणजे हात चांगला असणार. आम्हाला अकरा कोट हवेत. लाल, सोनेरी बटणांचे. हे जमले तर दरवर्षीचं काम तुमचंच."

"तुंबलेलं नाही हो. हे सगळं तयार आहे."

"असू दे, असू दे. कधी देताय?"

"दहा तारखेला."

"म्हणजे वीसला." बँडमास्तरांनी खिशातल्या डायरीत वीस लिहिलं.

"दहाला."

"कळलं हो, वीसला," म्हणत ते गेलेसुद्धा.

आता या अकरा कोटांवर मास्तरांची नवी अब्रू टांगली होती. त्यांनी शेजाऱ्यांशी गप्पा बंद केल्या, दुपारची झोप सोडली, सुई बोटात घुसली तरी तारीख हलवली नाही. दहाला सकाळी चादरीत कोटांचं गाठोडं बांधलं, सायकलला लावलं आणि बँडमास्तरांचं दार वाजवलं.

दार चार बोटं उघडलं. "सबबी नकोत, मास्तर. मशीन बिघडलं, सासू आजारी, सगळं ऐकून झालंय. वीसला या." दार बंद.

"अहो, पण मी..."

आत तालीम सुरू झाली. ढोलापुढे दाराची कडी कोण ऐकणार? मास्तरांनी खिडकीतून हात केले. आतल्या लोकांनीही हात केले आणि वाजवत राहिले.

मास्तर इरेला पेटले. डोळ्यांनी कोट दिसल्याशिवाय ही माणसं ऐकायची नाहीत. त्यांनी गाठोडं सोडलं, वरचा कोट अंगात चढवला, सगळी बटणं लावली आणि खिडकीसमोर छाती काढून उभे राहिले.

आधी ट्रम्पेट थांबलं, मग ढोल. बँडमास्तर बाहेर आले. त्यांनी मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "उशीर आम्ही धरूनच चाललो होतो. पण गिऱ्हाइकांचे कपडे अंगात घालून गावभर फिरता, हे कोणी बोललं नव्हतं."

तीस वर्षांत मास्तरांनी या धंद्यातली सगळी पापं केली होती, एवढं एक सोडून.

"आज दहा तारीख आहे," ते ठामपणे म्हणाले आणि एकेक सोनेरी बटण काढू लागले.